माझ्या नावाची संगत

३ फेब्रुवारी

फोन मेलाय. नवी गिऱ्हाईक बाई म्हणून एक नाही. खिडकीत लाकडी डोकी ओळीनं बसलीत – मी त्यांच्याकडे बघते, ती माझ्याकडे! केस धुऊन, विंचरून तयार. विग बांधायचा कुणासाठी?

हे म्हणतात, "थंडीत लोक बाहेर पडत नाहीत." केस घालवणारा आजार काय थंडीत रजेवर जातो?

५ फेब्रुवारी

भाचीला बोलावलं. ती कॉम्प्युटरच्या नोकरीत, दुकानाची साईट तिनंच करून दिलेली. बसली, टकटक केली नि तोंड पाडलं.

"मावशी, तुला कुणीतरी घाण लावलीय."

म्हणे जुगाराच्या, नागड्या बायांच्या, खोट्या औषधांच्या साईटी – सगळीकडे माझ्या दुकानाची लिंक. तिथे बोट लावलं की इकडे माझं दार उघडतं. सर्चवाले बघतात, हिला ओळख देणारे कोण, तर हे असले! मग ही पण तसलीच. ढकला हिला मागच्या पानावर. मागच्या पानापर्यंत कोण येतंय?

मी कुणाच्या दारात गेले नाही. बोट ते दाखवतात, नि बट्टा मला. यात नवीन काय म्हणा! चार टवाळांनी नाव घेतलं की बाईच वाईट. आता मशीनसुद्धा तेच शिकलं.

६ फेब्रुवारी

झोप नाही. उपचारानं केस गेलेल्या बायका येतात माझ्याकडे. आरशाकडे पाठ करून बसतात. त्यांच्यातल्या कुणी ती घाण बघितली असली तर? असंच चाललं तर उन्हाळ्याच्या आत दुकानाला कुलूप. या वयात दुसरं काय येतं मला?

७ फेब्रुवारी

धाकटी जाऊ. दुसरं कोण असणार! माझ्याच हाताखाली जाळीवर एकेक केस ओवायला शिकली, नि पलीकडच्या रस्त्यावर दुकान टाकून बसली. कारखान्यातले तयार विग. पिशवीतून काढा, डोक्यावर ठेवा!

भाचीला विचारलं, तिच्या साईटवर आहे का ग माझं काही?

"आहे लिंक. पण मावशी, ती तशी नाही, ऐक तरी –"

ती वाचून दाखवायला लागली तोवर मी चपला घालून बाहेर.

तिच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. असू देत. "माझं नाव काढ! आत्ताच्या आत्ता!"

"ताई, काय लिहिलंय ते एकदा वाचा तरी."

"चार बुकं जास्त शिकलीस म्हणून मला वाचायला सांगतेस?"

मग म्हणाली, "बरं. काढते." उलटून एक शब्द नाही. चोराच्या मनात चांदणं!

घरी येऊन पोटभर जेवले.

११ फेब्रुवारी

भाची त्या साईटींना पत्रं घालतेय – लिंक काढा म्हणून. लाज असती तर असले धंदे केले असते का? उत्तर नाही. मग सर्चवाल्यांनाच कळवलं, ही माणसं आमची नव्हेत, यांचं बोलणं धरू नका.

लग्न न लावताच सोडचिठ्ठ्या! भाची हसली. मी नाही.

गुण यायला दोन-तीन महिने म्हणे. आला तर.

१३ फेब्रुवारी

सापडला. घरातच!

सगळ्या लिंका एकाच माणसानं लावल्यात, हे भाचीनं शोधलं. त्यानं दाखवलेला, काम सांगणारा ईमेल आमच्या ह्यांचा.

"काका, हे तुम्ही केलंत?"

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "तो म्हणाला, शेकडो ठिकाणी नाव लावतो, आठवड्यात पहिला नंबर. हिला अचानक सांगणार होतो."

"कुठली ठिकाणं, ते विचारलंत?" मी.

"ते राहिलं."

राहिलं! भाजीवालीला दहादा विचारतात, वांग्यात कीड नाही ना. बायकोचं नाव टांगायला निघाले तेव्हा तोंड शिवलं होतं.

१४ फेब्रुवारी

जावेकडे जायला हवं. भरल्या दुकानात बोलले.

गेले नाही. लिंक तिनं पण लावलीच होती ना? कशाला लावावी!

१९ फेब्रुवारी

एक बाई आली. डोक्याला फडकं. पत्ता कुठून मिळाला, विचारलं.

"पलीकडच्या रस्त्यावरच्या विगवाल्यांच्या साईटवर होता. आता काढलाय. बरं, मी आधीच लिहून घेतला."

काय लिहिलं होतं तिथे?

"उपचारानं डोकं हुळहुळं झालं असेल, तर आमच्याकडचा तयार विग घेऊ नका, टोचेल. माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे जा. मी त्यांच्याकडेच शिकले."

माप घेतलं. इतक्या वर्षांत इतक्या बायका येऊन गेल्या. कुणी पाठवलं, हे मी एकीलाही विचारलं नव्हतं.