बाभळीचा नॉब

राहुरी, रविवार

प्रिय दीपा,

गाडीच्या गियरचा एक नॉब काढायला काय लागलं ते आधी सांगतो. काल सकाळचे तीन तास, उजव्या तळहाताचं सालटं, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, चार तांबे कढत पाणी आणि तुझ्या आईची बोलणी. पारनेरचे आदिनाथभाऊ उद्या आपली पांढरी गाडी घेऊन जाणार. आई म्हणाली, अहो, गिऱ्हाइकाला काय नुसतं दांडकं देणार का? म्हटलं, त्यांना चकचकीत नवा बसवलाय. हा आपला.

आठवतं ना? तू गाडी शिकत होतीस तेव्हा उन्हात मूळचा नॉब असा तापायचा की तू हात झटकायचीस. म्हणून सहादू सुताराकडून बाभळीचा करून घेतला, आत नट ठोकला. मुळा धरणाच्या रस्त्याला तिसरा टाकताना तो तुझ्या हातातच आला आणि तू ओरडलीस, अण्णा, गाडी मोडली! घरी येऊन मी त्यात इतका बाँड ओतला की काल मी स्वतःलाच शिव्या घातल्या. कढत पाण्याचं फडकं गुंडाळून, वरून ट्यूब आवळून पिळला, तेव्हा कुठं हलला. खालच्या खाचेत हळद निघाली. दर दसऱ्याला तू चाकांआधी नॉबला हळद-कुंकू लावायचीस, त्यातली.

तेव्हा मी तुला एकच शिकवलं होतं, खाली बघायचं नाही, गाडीचं ऐकायचं. ती आपणहून गियर मागते. सातवी शिकलेल्या माणसानं गॅरेज उभं केलं ते कानांवर. हायवेने गेलेल्या टेम्पोचं कुठलं बेअरिंग गेलंय, ते मी चहाचा कप खाली न ठेवता सांगतो. अख्ख्या तालुक्याला विचार.

पार्थराव बरे आहेत ना? तुमच्या लग्नाचा राग मला आला होता, खोटं कशाला बोलू? पण तो चार दिवस टिकला. मुलगा जेवताना ताट स्वच्छ करतो आणि तुला गाडी चालवू देऊन शेजारी निवांत झोपतो, हे पाहिलं आणि माझी तक्रार संपली. तो इकडं येईल तेव्हा नॉब त्याच्या हाती पाठवतो. तुमच्या गाडीला बसेल, आटे मोजून घेतलेत.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तू आईपाशी रडलीस म्हणे, अण्णांनी मला टाकलं, फोनवर नुसतं हां हां करतात आणि आईकडे देतात. काल मी नॉब पिळत होतो तेव्हा मोबाईल शेजारच्या सीटवरच होता. आई ओट्यावरून धावत आली, पोरगी कधीची फोन करतीय, तुम्हाला दया न्हाई का? मी म्हणालो, हात तेलकट होते. मग तिनं माझ्या पाठीमागं जाऊन मला हाक मारली म्हणे. मी वळलो नाही. संध्याकाळीच मला नगरला डॉक्टरकडे नेलं. पोरी, राग नव्हता. तू काय बोलतेस ते कळायचं नाही आणि पुन्हा विचारायची लाज वाटायची. डावा कान गेलाय, उजवा निम्मा उरलाय. दीड वर्ष झालं, गॅरेजात गाडीचा आवाज माझ्या हाताखालचा गोरक्षनाथ ऐकतो आणि मी नुसती मान हलवतो.

तुझाच,
अण्णा