ट्रंकेवरचे पूर्ण नाव

बाबा, धरमपेठेतल्या एका बंगल्याच्या फाटकावर तुम्ही रंगवलेली पाटी अजून लटकते आहे. पत्र्याची, पांढऱ्या रंगावर निळी अक्षरे : ‘घर भाड्याने देणे आहे’, आणि त्याखाली जरा बारीक, ‘फक्त सुसंस्कृत कुटुंबासाठी’. अशा पाट्या घरमालक फेकून देत नाहीत. भाडेकरू आला की पाटी जिन्याखाली जाते, तो गेला की पुसून पुन्हा तारेने फाटकाला बांधली जाते, आणि म्हणून ती रंगवणाऱ्यापेक्षा जास्त टिकते. ती तुमची आहे हे मला लांबूनच कळले. काना खाली उतरताना शेवटी तुम्ही ब्रश किंचित दाबून उचलायचात, त्यामुळे प्रत्येक कान्याचा पाय जमिनीवर नीट टेकल्यासारखा दिसायचा. आणि उजव्या कोपऱ्यात ते पान होतेच, कडुलिंबाचे, नखाएवढे, हिरवे. गांधीबागेतले बाकीचे पेंटर त्या कोपऱ्यात आपले नाव टाकत. तुम्ही पान काढायचात.

त्या फाटकाशी मी पहिल्यांदा गेले ती घर मागायला. सैन्यातली नोकरी संपवून मी नागपुरात परत आले होते आणि मला दोन खोल्या आणि पुस्तकांपुरती एक भिंत हवी होती. घरमालकीणबाई वयस्क, फार गोड स्वभावाच्या. “अगं बाई, मेजर? आमच्याकडे मेजर राहणार! बसा ना, बसा,” असे म्हणत त्यांनी पंखा लावला, खिडकी उघडली, मागच्या अंगणातला पारिजात दाखवला. मी कुठे कुठे होते, बर्फात काय खायचो, सगळे विचारले. मग अगदी सहज, साखर किती हे विचारावे तसे, म्हणाल्या, “आणि पूर्ण नाव काय म्हणालात?” मी सांगितले. त्यांचा चेहरा बदलला नाही, आवाजही नाही. फक्त थोड्या वेळाने त्यांना आठवले की पुण्याहून त्यांचा पुतण्या यायचा आहे, खोल्या त्याच्यासाठी ठेवाव्या लागतील. चहा आला, बिस्किटेही आली. किल्ली तेवढी आली नाही.

बाबा, मी आता विधानसभेच्या निवडणुकीला अपक्ष म्हणून उभी आहे, आणि ती त्या पुतण्यासाठी उभी आहे. तुम्हाला हे नीट समजावून सांगायला मला फार आवडेल, कारण सैन्यात मी आयुष्यभर समजावून सांगण्याचेच काम केले. संदेशवहनाच्या शाळेत जवानांना मी शिकवायचे की बिनतारी लहर सरळ जाते. मध्ये डोंगर आला की त्याच्या मागे तिची सावली पडते, आणि त्या सावलीत बसलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही. पाठवणाऱ्याचे यंत्र ठीक असते, ऐकणाऱ्याचेही ठीक असते. अशा वेळी डोंगराच्या माथ्यावर आणखी एक केंद्र उभारावे लागते, जे इकडचे ऐकते आणि तिकडे पोचवते. कायद्याचे तसेच आहे. जातीवरून कोणाला राहत्या घरापासून अडवू नये, हे पुस्तकात केव्हाच लिहिलेले आहे. पण फाटकाशी जात कोणी काढतच नाही, फाटकाशी पुतण्या निघतो. धर्मावरून किंवा एकटी बाई म्हणून नाकारल्या गेलेल्यांसाठी तर तेवढेही स्पष्ट लिहिलेले नाही. म्हणून माझे मागणे छोटे आहे : घर नाकारले तर कारण लेखी द्यावे, आणि ते कारण खोटे निघाले तर त्याचे उत्तर द्यायला घरमालकाला बोलावणारी एक सरकारी खिडकी प्रत्येक प्रभागात असावी. आमदार म्हणजे माझ्या लेखी माथ्यावरचे ते मधले केंद्र. तुम्ही हे ऐकत मान हलवली असती आणि बोटाने हवेत ‘मधले केंद्र’ ही अक्षरे काढून पाहिली असती, किती जागा लागेल ते.

ते तुमचे हवेतले लिहिणे मला हल्ली फार दिसते. प्रचाराच्या दिवसांत दुपारी मी हवालदारसाहेबांच्या ऑटोत मागे बसून डुलक्या घेते. हे हवालदारसाहेब माझ्याच तुकडीतले, काटोलकडचे. निवृत्तीनंतर इथे स्वतःची ऑटो चालवतात आणि सध्या माझा सगळा प्रचारही. थंडीची सुरुवात, उन्हाला संत्र्याच्या सालीचा रंग, आणि अर्धवट मिटलेल्या डोळ्यांसमोर सीताबर्डीच्या दुकानांवरच्या पाट्या सुट्या होऊन तरंगू लागतात. त्यांच्यामध्ये तुम्ही शिडीवर उभे असता, एक हात मोकळा, बोट हवेत. तुम्ही कुठले तरी लांब नाव लिहीत असता, आणि ते पूर्ण होण्याआधीच ऑटो गचका खाते.

आपल्या स्वयंपाकघरात पाट्या वाळायच्या, कारण तिथे धूळ कमी. भाकरीच्या वासात टर्पेंटाइनचा वास मिसळलेला असे. एकदा अशीच एक पाटी चुलीपासून हातभर अंतरावर उभी होती, आणि आईने नुकतीच अक्षरे जुळवायला शिकल्यामुळे ती मोठ्याने वाचली. मग तवा उतरवत म्हणाली, “अवो, आपण सुसंस्कृत आहो का?” तुम्ही ब्रश पुसत म्हणालात, “पाटी लिहाले तं आहो.” दोघेही किती हसलात. मला त्यात हसण्यासारखे काय ते कळले नाही, पण तुम्ही हसता आहात म्हणून मीही हसले. ती पाटी हीच का, हे मला ठरवता येत नाही. कधी वाटते हीच. कधी वाटते की अशा सगळ्या पाट्या मिळून माझ्या आठवणीत एकच उरली आहे.

आणि तो दुसरा दिवस. तुम्ही कामावर गेला होतात, आणि मी उरलेल्या निळ्या रंगाने आपल्या दारावर आपले नाव लिहिले, आडनावासकट, जमेल तितके तुमच्यासारखे वळण काढून. मला वाटले होते तुम्ही पाठ थोपटाल. तुम्ही सायकल भिंतीला टेकवली, डबे हँडलला तसेच राहू दिले आणि दाराकडे बघत राहिलात. “काहून वं, कोनं सांगतलं तुले हे लिहाले?” मी म्हणाले, दुकानांना नाव असते, मग आपल्या दाराला का नको? तुम्ही चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि आडनाव पुसून काढले. माझे पहिले नाव मात्र राहू दिलेत. “गिऱ्हाईक येते घरी. नाव वाचते, मंग भाव करते. पानाले कोणी काही इचारत नाही.” तुम्ही ओरडला नाहीत. त्यानंतर बरेच दिवस दारावर माझ्या नावापुढे एक फिकट निळा ढग होता.

मग सैन्यातून बोलावणे आले. अधिकाऱ्याची काळी लोखंडी ट्रंक असते, तुम्हाला ठाऊकच आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव लिहावे लागते, कारण फलाटावर सगळ्या ट्रंका सारख्याच दिसतात. तुम्ही ती अंगणात घेतली, झाकणावर इंग्रजीत नियमाप्रमाणे लिहिले, आणि मग ती फिरवून पुढच्या बाजूसमोर उकिडवे बसलात. “इथं आपल्या मराठीत लिहितो. लोकाइले वाचता आलं पाहिजे.” माझे नाव झाले, तुमचे झाले, आणि ब्रश थांबला. तुम्ही वर न पाहता विचारलेत, “पुरं लिहू का वं?” मी म्हणाले, “पूर्ण लिहा. तिथे पूर्णच नावाने हाक मारतात.” तुम्ही हवेत एकदा ते आडनाव काढून पाहिलेत, जणू पहिल्यांदाच लिहायचे होते, आणि मग पत्र्यावर. कोपऱ्यात पान काढले नाहीत. दिवसभर दुसरे काम हाती न घेता तुम्ही उन्हात तिच्याशेजारी बसून राहिलात, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिलात, “ओलं आहे, हात नका लावू.” संध्याकाळीही तेच सांगत होतात, तेव्हा ते केव्हाचेच वाळले होते.

ती ट्रंक वाळवंटात गेली, बर्फात गेली. तुम्ही गेल्याची तार आली तेव्हा मी ईशान्येकडच्या एका टेकडीवर तिच्यावरच बसले होते.

आता प्रचाराचे ऐका. वस्त्यांमधल्या सभांत मी पुतण्याची गोष्ट सांगते आणि विचारते, तुमच्याकडे कोण आले होते? हात वर होतात. “आमच्या इथं जावई आला होता!” “माह्यावाला तं घरमालक म्हणे, भिंतीले ओल आहे. दुसऱ्याच दिवशी ओल वाळली आन किरायेदार आला!” एक बुरख्यातली शिक्षिका हसत म्हणाली, “मॅडम, हमारे यहाँ तो बोर्ड ही उतर गया, मेरे सामने.” लोक पोट धरून हसतात, आणि हसून झाले की मी कायदा समजावते. हवालदारसाहेबांना ते पसंत नाही. “मॅडम, हे भाषण नाही, तुमी क्लास घेऊन राहिल्या. लोकं आता वही काढतीन.”

पत्रके छापायची वेळ आली तेव्हा तेच म्हणाले, “आडनाव राहू द्या ना बाजूले. नुसतं ‘मेजर ताई’. मस्त वाटते. वस्तीतले मतं तं आपलेच आहे. धरमपेठेत आडनाव वाचलं का लोकं कागद ठेवून देते.” त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती आणि हिशेब बरोबर होता, नुसत्या वस्तीच्या मतांवर मी निवडून येत नाही. मी मान्य केले. पहिली पत्रके तशीच निघाली : माझा फोटो, ‘मेजर ताई’, आणि मागण्या.

त्या पत्रकांसह आम्ही त्याच बंगल्यात गेलो. पाटी फाटकावरच होती, पारिजाताची फुले फरशीवर. बाईंनी मला ओळखले नाही. चष्मा लावून त्यांनी पत्रक वाचले, घरांविषयीची मागणीसुद्धा वाचली, आणि म्हणाल्या, “किती चांगलं काम करताय हो. माणसाला माणूस म्हणून घर मिळालंच पाहिजे. आमच्या घरची सगळी मतं तुम्हाला.” हवालदारसाहेबांना राहवले नाही. “काकू, पुतण्या आला का पुण्याहून?” त्या गोंधळल्या. “कोण पुतण्या? आमचं पुण्याला कोणी नाही.”

ऑटोत बसल्यावर हवालदारसाहेब खुशीत होते. “पाहा, म्हटलं नव्हतं? अख्खं घर भेटलं.” खरेच होते. मत मिळाले होते, आणि मला मात्र दारावरचा तो फिकट निळा ढग दिसत होता. तुम्हाला पोट होते, लेकरू होते, तुम्ही पान काढलेत. मी कशासाठी काढते आहे? आडनावामुळे घर मिळत नाही हे सांगायला निघालेल्या बाईने आडनाव झाकून मत घेतले, तर ती निवडून आल्यावर विधानसभेत कोणाच्या नावाने बोलणार?

आम्ही तसेच सीताबर्डीला फ्लेक्सवाल्याकडे गेलो. हल्ली पाट्या संगणकावर होतात, बाबा. ब्रश नाही, वास नाही. मी त्याला मोबाइलमधला ट्रंकेच्या पुढच्या बाजूचा फोटो दाखवला आणि म्हणाले, नाव असेच घ्या, हेच अक्षर. त्याने फोटो मोठा करून पाहिला. “मॅडम, हा फॉन्ट माह्याजवळ नाही.” मी म्हणाले, “आता कोणाजवळच नाही.” त्याचे बोट आडनावापाशी थांबले. “पुरं घेऊ?” मी उत्तर देण्याआधी हवालदारसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. हिशेब त्यांचाच होता आणि तो मोडत होता. मग ते त्याच्यावर खेकसले, “घे ना गा! ट्रंकेवर आहे तसं घे. माहीत आहे का कुठंकुठं जाऊन आली ते ट्रंक?”

उद्यापासून तुमचे अक्षर धरमपेठेच्या चौकातही लागेल, माणसाच्या उंचीएवढे. त्या बंगल्यातली मते जातील, आणखी किती जातील मला माहीत नाही. मी हरूही शकते. त्याची भीती वाटते, आणि तरी आज दुपारी ऑटोत डुलकी लागली तेव्हा तुमचे ते हवेतले नाव पहिल्यांदाच शेवटपर्यंत लिहून झाले.

हे पत्र मी ट्रंकेत ठेवून देणार आहे. त्यावर पत्ता काय लिहावा हे मला तरी ठाऊक नाही. एक गोष्ट मी कोणत्याच सभेत सांगितलेली नाही : ती पाटी कोणी रंगवली. सांगितली तर टाळ्या पडतील, कदाचित मतेही मिळतील. पण मग उरलेलेही खरे सांगावे लागेल. पुतण्याचे ऐकून मी पहिल्यांदा त्या फाटकाबाहेर आले तेव्हा मला राग आला होता, पण तो नंतर, घरी पोचल्यावर. त्या क्षणी मी पाटीसमोर उभी राहिले, पानावरची धूळ बोटाने पुसली आणि मनात म्हणाले, किती सुरेख लिहिले आहे.