मालगाडीपुढे वाढवलेला नारळ

मु. तामसी, जि. आदिलाबाद
रविवार

वडीलधारे साडूभाऊ सुधाकरराव यांना मारोतरावचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? विमलताईंचा खोकला थांबला का? इकडे मारुतीरायाच्या कृपेने आम्ही दोघे ठीक आहोत, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही. (फोन केला असता, पण मी रेल्वेविरुद्ध बोलू लागलो की तुम्हाला नीट ऐकू येत नाही.)

तुमचा जन्म मुदखेडला रेल्वेचा माल चढवण्या-उतरवण्यात गेला, म्हणून तुम्हालाच विचारतो. आदिलाबादच्या तोंडाशी असलेल्या फाटकावर मालगाडी नेमकी पावणेआठलाच का आडवी होते? दिवसाला दुसरे तास नाहीत का? आमच्या बसमध्ये कापसाच्या जिनिंगमधल्या बाया असतात, कापडदुकानातले नोकर असतात, दवाखान्यात झाडणाऱ्या रेणुकाबाई असतात. अर्धं गाव पोटामागे शहरात निघालेलं असतं. आणि समोर सिमेंटचे बेचाळीस डबे. (मोजायला वेळ भरपूर मिळतो.) सिमेंटची कुणी हजेरी घेत नाही. आमच्या जिनिंगच्या दारात मात्र अंगठ्याची मशीन आहे. आठ वाजून पाच मिनिटांनी ती लाल होते, आणि महिन्यात तीनदा लाल झाली की माणूस दुपारच्या पाळीत जातो, चार ते बारा. साडूभाऊ, ती पाळी मला चालणारी नाही. गेली एकवीस वर्षं दिवेलागणीला गावच्या मारुतीपुढे दिवा मी लावतो. आमच्याकडे गाभाऱ्यात बाया जात नाहीत, आणि बाकीचे पुरुष शहरातून रात्री आठच्या बसने परततात.

माझे दोन लाल आधीच झाले होते. काल शनिवारी गाडी पुन्हा आडवी. इंजिन फाटकाला लागूनच उभं, नवं कोरं, अंगावर ना हळद ना कुंकू. आपल्याकडे साधा ट्रॅक्टर नारळाशिवाय घराबाहेर पडत नाही. रेणुकाबाई म्हणाल्या, "मारोतराव, याची पूजाच नाही झाली. म्हणून अडून राह्यलं ते. तुमच्या पिशवीत नारळ हाये ना? मंग बसले काऊन?" नारळ होता. आमच्या वजनकाट्यापुढे दर शनिवारी नारळ वाढवायचं काम माझं आहे, कुंकवाची पुडीही सोबत असते. मी खाली उतरलो. मागून मोतीराम कंडक्टर ओरडला, "महाराज, आरती बी म्हणा, आमी टाळ्या वाजवतो." मी लक्ष दिलं नाही. इंजिनाला कुंकू लावलं, दगडावर नारळ वाढवला, आणि साडूभाऊ, गाडी हलली. पण मी मशीनपाशी पोचलो तेव्हा आठ वाजून नऊ मिनिटं झाली होती. लाल.

तेव्हा तुमच्या ओळखीच्या साहेबांना कडक शब्दांत कळवा. सिमेंट चार तास उशिरा पोचलं तरी सिमेंटच राहतं. माणूस चार मिनिटं उशिरा पोचला की गुन्हेगार होतो. हे वाक्य तसंच लिहा, खाली माझं नाव घाला.

आपला,
मारोतराव

ता. क. माझं नाव घालू नका. आज पूजेला बसलो तेव्हा मनात खोटं टिकेना. मी पिशवीतून नारळ काढत होतो तेव्हाच गाडीला सिग्नल मिळाला होता. इंजिनाचा ड्रायव्हर बिहारकडचा, भला माणूस. खाली उतरून म्हणाला, "पूजा अधूरी छोड़कर गाड़ी कैसे बढ़ाएँ, बाबा?" बसभर खोबरं वाटून होईपर्यंत तो हात जोडून उभा राहिला. दहा मिनिटं तरी गेली असतील. तक्रार मात्र मी मागे घेत नाही. ती बाकीच्या दिवसांची आहे.

आणखी एक. एक तारखेपासून महिनाभर मला दुपारची पाळी लागली आहे. तुम्ही निवृत्त आहात, आणि पुरुष आहात. तेव्हा महिनाभर इकडे येऊन राहा. संध्याकाळी एक वात लावायची, एवढंच काम; तुमची मेहुणी गयाबाई रोज भाकरीवर लोणी वाढेल. तुम्ही देव मानत नाही, हे मी मारुतीच्या कानावर घातलं आहे. त्याची काही हरकत दिसली नाही.