यवतच्या वळणावरचा गुलाल

सत्यजीत,

हे टपालात टाकणार न्हाई, तरी लिहितो. आपली ती पहिली ट्रायथलॉन आठवली की अजून पाय शिवशिवतात. घोड नदीत पोहायचं, सायकलनं यवत गाठून माघारी यायचं, मग पळायचं. यवतच्या वळणावर माझी आई, खूण म्हणून, प्रत्येकाच्या कपाळाला गुलाल लावायची. माझा घामानं छातीपर्यंत ओघळला होता. पहिला तू आलास, आन् तुझा टिळा कोरडाठाक! यवतला गेलास तरी का? दोस्त म्हणून मी गप ऱ्हायलो.

यंदा वळणावर गुलाल मी लावणार हाय. काल सरावाला तुझी नीलम भेटली. म्हणाली, "चाचा, गुलाल तुम्हीच लावणार ना? मग पप्पांनी मला घरूनच पुडी का दिलीय?"

तुझ्या मागं दुसरा आलेला,
अकबर