फ्रीजमधला ससा

वालचंदनगर,
१२ नोव्हेंबर १९९७

प्रिय मेघना,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र मिळालं. इकडे सगळे मजेत. आमच्या ह्यांना, सोमनाथना, कारखान्यात बढती मिळाली, क्वार्टरला नवा रंग लागला आणि माझी पुरणपोळी आता फाटत नाही. हसू नकोस.

लॅबच्या ट्यूबा सुखरूप आहेत. बारामतीला लाइट जाऊन जाऊन फ्रीजरचा भरवसा उरला नाही, म्हणून लग्नानंतर सरांनी त्या माझ्याकडे सोपवल्या, ते बरंच झालं. इथं कॉलनीत लाइट जात नाही. बर्फाच्या कप्प्यात आपला ससा निवांत पडून आहे, शेजारी मटार.

त्रास एकच. माझ्या सासूबाई, चतुराबाई, कुणीही आलं की फ्रीज उघडून दाखवतात. "ह्ये बगा, आमच्या सूनबाईचं संशोधन! सशाचं रगत हाय." परवा कळंबच्या मावशींनी विचारलं, रक्ताचं करता काय? मी सांगितलं, चरबीच्या जातीचा एक पदार्थ पेशीला निरोप देतो. तो निरोप घेणारा रिसेप्टर पेशीच्या पडद्यात दडलेला असतो. त्याचा तुकडा सशाला टोचला की सशाच्या रक्तात अँटिबॉडी तयार होते. ती नेमकी त्यालाच जाऊन चिकटते, म्हणून तो सापडतो.

"आन् सापडला का?" मावशी म्हणाल्या.

उत्तर सासूबाईंनीच दिलं. "सापडंल की. घाई कुठं हाय? अंजली, च्या टाक."

मी चहा टाकला.

लग्न ठरताना माझ्या नानांनी एकच अट घातली होती, पोरीचं संशोधन पुरं होऊ द्या. सगळे हो म्हणाले. मी बारामतीचं नाव काढलं की हे म्हणायचे, पावसाळा सरू दे. सरला. आता म्हणतात, उसाचं गाळप आटपू दे. कुणी रागावत नाही गं, उलट कौतुकच करतात. भांडायचं तरी कुणाशी? या कौतुकात माझा जीव गुदमरतो.

टोचण्याआधीचं रक्त कुठल्या ट्यूबमध्ये, असं विचारलंस. निळ्या टोपणाची. टोचल्यानंतरच्या रक्तानं फिल्मवर रिसेप्टरची पट्टी उमटली आणि या आधीच्या रक्तानं नाही, तरच आपली अँटिबॉडी खरी. सशाचं आधीचं रक्त आपण जपून ठेवलं. माझं आधीचं, तू सोडलीस तर, काहीच उरलेलं नाही.

शनिवारी ट्यूबा न्यायला येतेयस, ये. पण त्या गेल्या की इथं मी आणि मटार. म्हणून ऐक. दारातच सासूबाईंना सांग, बर्फाचा डबा दोघींनी धरावा लागतो, आणि पट्टी उमटेपर्यंत बारामतीला अंजलीच हवी. त्या तुला नाही म्हणायच्या नाहीत. सगळ्या कॉलनीला दाखवून बसल्यात ना! माझ्या दोन साड्या पिशवीत तयार आहेत.

डबा हलका आहे, तू एकटी सहज उचलशील. तरी एक कडी माझ्यासाठी मोकळी ठेव.

शनिवारी सकाळपासून दारात उभी असणारी,
तुझी अंजली