डोळे मिटल्यावरची लाट

अण्णा, सांगलीच्या दवाखान्यात मेंदूचा आलेख काढायला निघालात तेव्हा तुम्ही डोक्याला चपचपीत तेल लावलं होतं. परगावी मोठ्या माणसाला भेटायचं तर कोरड्या डोक्याने जाऊ नये, हे तुमचं खासगी धर्मशास्त्र. तेलावर तारा चिकटेनात. मग आलेख काढणाऱ्या माणसाने साताऱ्याच्या संस्कृत शिक्षकाचं डोकं मोरीत साबणाने धुतलं. "आवं गुरुजी, आता डोळं मिटा. कायबी इचार करू नगा." "विचार करायचा नाही, हाही विचारच की," तुम्ही म्हणालात. वर्गात शब्द हरवू लागले म्हणून आपण तिघं, आई, तुम्ही आणि मी, आलो होतो. वाद घालायची हौस तेवढी शाबूत होती.

कागद सरकतोय, लेखण्या थरथरताहेत. डोळे मिटले की बहुतेकांच्या कागदावर संथ लाट उठते. तुमच्या कागदावर नुसती बारीक खरखर. "मनात काय चाललंय, गुरुजी?" "संस्कृत शब्दांची रूपं चालवतोय." "मग कशी येनार लाट!" तो हसला. डॉक्टरांनी दिवाळीनंतर पुन्हा बोलावलं, पण आईला निदान मिळालं होतं. पाठांतरामुळे मेंदूला विसावा नाही. लाट आली की विसरणं थांबेल. त्या दिवसापासून घरात संस्कृत बंद. तुमचे ओठ हलले की स्वयंपाकघरातून हाक यायची, "अहो, लाट!" आणि तुम्ही गप्प. आई भाजी आणायला गेली की पहारा माझ्याकडे. आशा म्हणून घरात तेवढी एकच गोष्ट होती.

दिवाळीनंतर तीच खरखर. मग डॉक्टरांनी मलाही टेबलावर झोपवलं. "आवं, पोरीची बी तशीच हाय की!" आलेख काढणारा म्हणाला. डॉक्टर म्हणाले, काही घराण्यांत ही लाट जन्मापासूनच दिसत नाही, नाकाच्या ठेवणीसारखी रक्तातून येते, अपाय काही नाही. विसरण्याचा आजार निराळा, आणि त्यावर औषध नाही. आईने विचारलं, "मग पाठांतर?" "करू द्या की. बंद कुणी केलं?"

परतीच्या एसटीत कराड मागे पडल्यावर आई म्हणाली, "आता म्हणा हो, हवं तेवढं म्हणा." तुम्ही तिच्याकडे परक्या बाईकडे पाहावं तसं, अदबीने पाहिलंत. "काय म्हणू?" मी एक चरण सांगितला. तो म्हणालात, आणि पुढच्यासाठी माझ्या तोंडाकडे बघत राहिलात. साताऱ्यापर्यंत तसंच. पुढच्या वर्षी तेही उरलं नाही.

आता मी तुमच्या तेव्हाच्या वयाला येऊन पोचलेय. आजारही रक्तातून येतो का, हे मी कुणाला विचारलेलं नाही. हा कागदही टपालात पडायचा नाही. तुमचा पत्ता कोणत्याच शास्त्राने नीट दिलेला नाही. पण एक सांगायचं राहिलं. "पोरीची बी तशीच" हे ऐकलं तेव्हा, आपली आशा संपली हे कळायच्या आधी, क्षणभर मला फार आनंद झाला होता.