गजाला लावलेलं कुंकू

धाराशिव, खंडेनवमीची संध्याकाळ

आज वाद्यांची पूजा करताना व्हायोलिनच्या गजालाही कुंकू लावलं. तेलात कालवून, थेट गजाच्या घोड्याच्या केसांना. कशासाठी, तर फोटो चांगला यावा! तेलकट केस तारेवर घसरतात, हे मला काय माहीत नव्हतं? व्हायोलिन शिकवतानाच सरांनी बजावलेलं. गजही त्यांचाच, जुना जर्मन. हात थकले म्हणून मला दिलेला. वजनाला हलका, पण तारेवर असा बसायचा की कितीही हळू ओढा, सूर तुटत नव्हता.

दुपारी सर अचानक आले. मी घाईघाईनं कुंकू पुसलं. तेल कुठं निघतंय?

"लई दिवस झाले, दे जरा," म्हणाले. गज नुसताच सरकला. त्यांनी केसांना पकड यावी म्हणून राळ घासली, पुन्हा ओढला. सूर नाहीच. मग गज मांडीवर ठेवून स्वतःच्या हाताकडं बघत बसले.

"हात गेला रे माझा."

तेव्हा तरी सांगायचं! आणि मी काय म्हणालो? "वयानं होतंच की सर."

निघताना पाया पडायला वाकलो, तर त्यांच्या बोटांना कुंकू. सरांना हल्ली नीट दिसत नाही.

मला बरं वाटलं.